खानेसुमारी आणि आपली वसई

यंदा आम्ही वर्गात मुलांस आपापल्या घराची खानेसुमारी लिहून आणावयास सांगितली. नाव, वय, धर्म, मातृभाषा असे रकाने आखून दिले. तेव्हा एका मुलाने उठून विचारले, "सर, घरी आम्ही कादोडी बोलतो, शाळेत मराठी. मी कोणती लिहू?" त्या प्रश्नात या विषयाचे मर्म आहे.

'खाना' म्हणजे घर व 'शुमार' म्हणजे गणना. परंतु मोजणाऱ्यास काय हवे, त्यावर मोजणीचे चित्र ठरते. पोर्तुगीज अमदानीत १५५४ साली सिमाव बोतेल्यो याने वसई प्रांताची नोंद केली, ती मुख्यत्वे गावोगावच्या उत्पन्नाची. कारण राजास वसूल हवा होता. इंग्रजांनी १८७२ साली, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी, माणसे मोजली व त्यांस धर्म आणि जात यांच्या रकान्यांत बसविले. एकच कादोडी बोलणारे सामवेदी ब्राह्मण व सामवेदी ख्रिस्ती धर्माच्या कोष्टकात दोन ठिकाणी गेले. उलट वाडवळ, कोळी व सामवेदी ख्रिस्ती, ज्यांची बोली व चालीरीती निरनिराळ्या, ते एका आकड्यात मिसळले. आकडा खोटा नव्हता. पण शेजार त्यात दिसत नव्हता.

राज्य बदलले तरी रकाने उरतातच. २०११ साली वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. पालिकेच्या हद्दीतील प्रत्येक जण नियमाने 'नागरी' ठरतो. मग तो वाडीत केळी पिकविणारा का असेना! शिवाय पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, म्हणून त्या वर्षीच्या कोष्टकांत आपली वसई ठाणे जिल्ह्यात सापडते. हद्द न पाहता दोन सालांची तुलना करणारा फसतो.

म्हणून आकडे टाकाऊ समजावे काय? मुळीच नाही. शाळा, पाणी, दवाखाने यांची आखणी त्यांवाचून होणे नाही. मात्र कोष्टक वाचताना कोणी विचारले, काय विचारले आणि हद्द कोणती, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने सोडू नयेत. आणि प्रगणक दारी आला असता पालकांनी उत्तर विचारपूर्वक द्यावे.

त्या मुलास आम्ही खानेसुमारीचाच नियम सांगितला : बालपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली, ती मातृभाषा. त्याने रकान्यात 'कादोडी' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले.