दोन बटणं आणि एक पाचर

निगडी, प्राधिकरण

चि. बाळ,


चाकणच्या कारखान्यासाठी तू कामगारांचं पोर्टल करते आहेस, याचं घरात सगळ्यांना कौतुक आहे. पासवर्डचे नियम तू परवा फोनवर वाचून दाखवलेस: एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर 45 दिवसांनी बदल. तेव्हा मी गप्प राहिलो, पण मनातून जाईना.

भोसरीत मी प्रेसवर होतो. हात आत राहू नये म्हणून दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायची. पण बटणं इतकी उंच, की तासाभरात खांदे भरून यायचे. मग कोणीतरी एका बटणात लाकडी पाचर ठोकायचा. सुपरवायझर ओरडून काढायला लावायचा. पाळी बदलली की पाचर परत जागेवर. एका पोराची दोन बोटं गेली. त्यानंतर बटणं कमरेच्या उंचीला आणली आणि पाचर दिसेनाशी झाली. नियम तोच राहिला, जागा तेवढी बदलली.

तुझ्या नियमांची पाचर मी चाकणला पाहिली आहे. पीएफ काढायला पोरं ऑनलाइन सेंटरवर येतात. दुकानदाराच्या वहीत प्रत्येकाचा यूएएन, मोबाइल नंबर आणि पासवर्ड ओळीने लिहिलेले. पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव, पुढे ॲट, पुढे 123. तुझ्या सगळ्या अटींत तो बसतो! मुदत संपली की 124.

हे नियम ज्यांच्या हातून रूढ झाले, ते अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतले बिल बर. त्यांनी 2003 साली ते लिहिले आणि 2017 साली, निवृत्त झाल्यावर, त्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीचा बदल दोन्ही नको म्हटलं. भर लांबीवर दिला. नुसत्या पासवर्डवर प्रवेश असेल तर आता निस्ट किमान 15 अक्षरं सांगते. तीन-चार साधे शब्द मध्ये जागा सोडून लिहिले की तेवढी सहज भरतात, आणि थकलेल्या माणसाच्या लक्षातही राहतात.

तेव्हा जागा सोडू दे, पेस्ट करू दे, टाइप केलेलं डोळ्यांनी पाहू दे. आधी कुठे फुटलेले पासवर्ड यादीशी ताडून नाकारायचं काम तुझ्या सर्व्हरचं. चुकीचे प्रयत्न वाढले तर वेग कमी करायचं कामही त्याचंच. बदल मागायचा तो पासवर्ड फुटल्याची शंका आली तरच. आणि ओटीपीवर सगळं टाकू नकोस. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली पोरं सिम बदलतात, जुना नंबर बंद पडतो. मग पगारपत्रकासाठी अर्धा दिवस बुडतो. नंबर बदलायची सोय एचआरच्या खिडकीवर, ओळखपत्र पाहून, ठेवायला सांग.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. तो घाव मुख्यतः बँकेच्या एटीएम यंत्रणेवर होता. खातेदाराने पासवर्डात कितीही चिन्हं घातली असती तरी तो चुकला नसता. म्हणून म्हणतो, मेहनत आतल्या बाजूला जास्त घे.

पोर्टल सुरू करण्याआधी एकदा तिसरी पाळी सुटताना गेटवर ये. दहा जणांच्या हातात फोन दे आणि लॉगिन करायला सांग. मीही येईन सोबत.

तुझा,
मामा