पहिलं रक्त कुठं गेलं?

पल्मनरी हायपरटेन्शन या आजाराच्या एका प्रकारात मूळ बिघाड फुफ्फुसातल्या बारीक धमन्यांत असतो, पण तिथला तुकडा काढून तपासणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून संशोधनाची भिस्त रक्तावर, किंवा प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या फुफ्फुसावर. आपल्या भागात हाती येतात त्या हाताच्या शिरेतून घेतलेल्या दोन-तीन नळ्याच.

चाकण परिसरातल्या रुग्णांचे असे नमुने पुण्याला पोहोचवण्याचं काम मी केलं आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

एका कंत्राटी कामगाराने पहिली पाळी बुडवून रक्त दिलं. दिवस मे महिन्याचे. नळ्या घेऊन निघालेली गाडी तळेगाव चौकात अडकून पडली आणि डब्यात नळ्या थेट बर्फाला टेकलेल्या होत्या. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत प्लाझ्मा लालसर झाला होता. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं सगळं प्लाझ्मात उतरतं, मग पुढच्या मोजमापांवर भरवसा ठेवता येत नाही. पुन्हा रक्त मागायला गेले तेव्हा त्याने विचारलं, “ताई, पहिलं रक्त कुठं गेलं?” एवढं बोलायलाही त्याला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. खाडा त्याचा झाला होता, सुई त्याला टोचली होती, आणि कामाला आलं नव्हतं काहीच.

तेव्हा आधी वाटेचा विचार करा, सुईचा नंतर. नाशिक महामार्गावर पाळी सुटायच्या वेळी नमुना रवाना करू नका. इकडच्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी बोलावलं तर मजुरी बुडत नाही आणि प्रयोगशाळाही सुरू असते. जांभळ्या झाकणाची नळी आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करा, खळखळवू नका. बर्फ आणि नळी यांच्यामध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा हवाच. प्लाझ्मा वेगळा करायला दोन तासांच्या पलीकडे जाऊ नये, असा हिशेब ठेवा. ते पुण्यापर्यंत जमणार नसेल तर चाकणमध्येच सेंट्रिफ्यूज मिळतो का ते पाहा. डीएनएसाठीचं रक्त जास्त काळ टिकतं, त्यामुळे धावपळ कोणत्या नळीची करायची हे आधीच ठरलेलं असावं.

नळीइतकीच जपायची असते सोबतची नोंद. सिल्डेनाफिलची गोळी किती वाजता घेतली, रक्त देण्याआधी रुग्ण किती वेळ पडून होता, उजव्या हृदयात कॅथेटर घालून दाब मोजला आहे की फक्त इको झाला आहे, हे त्याच वेळी लिहा. केरळमधल्या ‘प्रो-केरळ’ नोंदवहीत 2003 रुग्ण होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचा दाब हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजारामुळे वाढलेला होता. कारण न लिहिता सगळ्यांची नळी एकाच खोक्यात गेली तर धमन्यांच्या आजाराचा शोध घेणार कशातून?

संमतीबद्दल मी कुणाचंच ऐकून घेत नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. आपल्याकडे कामगार बिहारचा, ओडिशाचाही असतो. मराठी कागदावर त्याचा अंगठा घेणं ही संमती नव्हे. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, ती नियमात बसते. संकोचून गप्प राहू नका. आणि रक्त दिलं म्हणजे उपचार सुरू झाले असं घरचे धरून चालतात. चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हे निघताना पुन्हा बजावा.

सगळ्यात नाजूक गोष्ट जनुकाची. बीएमपीआर2 या जनुकातला दोष 2000 साली सापडला. तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, पण तो पुढच्या पिढीत उतरू शकतो. घरात लग्नाची मुलगी असेल तर त्या एका ओळीच्या अहवालाने काय होईल, हे आपल्याला कळतं. म्हणून निकाल हवा आहे का, कुणाला सांगायचा, कुणाला नाही, हे सुई टोचण्याआधी विचारा आणि उत्तर फॉर्मवर लिहून घ्या. समुपदेशक कोण, त्याचा फोन कोणता, हेही त्याच कागदावर असू द्या. संमतीपत्राची प्रत रुग्णाच्या हातात द्या. पुढे त्याचं मन बदललं, तर कुणाला कळवून आपला नमुना मागे घ्यायचा, हे त्याला तिथेच वाचायला मिळेल.