कागद क्लाऊडमध्ये, पण किल्ली कोणाकडे?



ऊसनोंदीसाठी सातबारा, आधार आणि पासबुक यांचे फोटो आपण फोनमध्ये काढून ठेवतो. पुष्कळांच्या फोनमधून ते आपोआप गुगलच्या खात्यात चढतात. यालाच क्लाऊड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी कागद काही आभाळात नसतात. ते कंपनीच्या दूरच्या संगणकांवर असतात. फोन विहिरीत पडला तरी कागद शाबूत राहतात, हा मोठा फायदा. पण खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळे कागद! त्यांवर तो आपल्या नावाने सिमकार्ड किंवा कर्जही काढू पाहील.

२०१४ साली अमेरिकेतील अनेक नट्यांचे खासगी फोटो ॲपलच्या आयक्लाऊड खात्यांतून चोरीस गेले. चोरांनी कंपनीच्या नावाने खोट्या ई-मेल पाठवून खातेदारांकडूनच पासवर्ड काढून घेतले होते. गोदाम मजबूत होते, किल्ली बाहेर गेली.

आपल्याकडे ही किल्ली बऱ्याचदा नवा फोन घेतानाच बाहेर जाते. दुकानदार खाते उघडून देतो, पासवर्डही तोच ठरवतो. तेव्हा पुढील कामे या आठवड्यातच उरकून घ्या.

१) पासवर्ड स्वतः बदला. त्यात नाव, गाव, जन्मसाल नको.

२) खात्याच्या सुरक्षा विभागात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करा. तारण साखरेच्या गोदामाला बँकेचे आणि कारखान्याचे अशी दोन कुलपे लावतात ना, तसेच हे. एक किल्ली चोराला मिळाली तरी दार उघडत नाही. म्हणूनच ओटीपी कोणालाही सांगू नये.

३) आपले खाते कोणकोणत्या फोनवर चालू आहे, ते त्याच विभागात दिसते. विकलेला किंवा अनोळखी फोन दिसला तर त्यावरचे खाते तेथूनच बंद करा.

४) ड्राइव्हमधील कागदाची लिंक पाठवताना ती कोणालाही उघडता येईल अशी परवानगी देऊ नका. ठरावीक माणसालाच द्या.

५) जेथे चालते तेथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात.

गुगलचे खाते सलग २ वर्षे वापरले नाही तर कंपनी ते पुसून टाकू शकते. म्हणून मूळ कागद घरच्या ट्रंकेत जपावेतच.

एवढे करूनही फसवणुकीत पैसे गेले, तर लाज न धरता ताबडतोब १९३० वर फोन करा. अडचण असल्यास गट ऑफिसला जरूर यावे. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नये.

– ऊस विकास अधिकारी