सेंद्रिय पदार्थ आणि पाणी

साखरेचा खडा पाण्यात टाकला तर थोड्याच वेळात दिसेनासा होतो. तेलाचा थेंब मात्र तरंगत राहतो, आणि हळदीचा डाग नुसत्या पाण्याने कितीही धुतला तरी जात नाही. साखर, तेल व हळदीतील पिवळे द्रव्य हे तिन्ही पदार्थ सेंद्रिय होत. म्हणजे त्यांच्या रेणूंचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा असतो. मग पाण्याने एकास सामावून घ्यावे व इतरांस बाहेर ठेवावे, असे का?

याचे उत्तर प्रथम पाण्याच्या रचनेत शोधावे लागते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूस किंचित ऋण व हायड्रोजनच्या बाजूस किंचित धन विद्युत्‌भार असतो. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीस हायड्रोजन-बंध म्हणतात. हे बंध क्षणोक्षणी तुटतात व नव्याने जुळतात. बाहेरच्या रेणूस या जाळ्यात शिरावयाचे, तर तुटलेल्या बंधांची भरपाई त्याला करता आली पाहिजे. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोडीचे, म्हणजे हायड्रॉक्सिलचे, आठ गट असतात. ते पाण्याशी सहज बंध जोडतात. म्हणूनच सामान्य तापमानास 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते.

तेलास पाण्याचा तिटकारा असतो असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नव्हे. दोहोंच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण असतेच. अडचण पाण्याच्या बाजूने येते. तेलाच्या रेणूतील कार्बन व हायड्रोजन यांच्या लांब साखळीभोवती, आपले परस्परबंध राखण्यासाठी, पाण्याच्या रेणूंना विशिष्ट रीतीने रचून राहावे लागते. त्यांची मोकळीक कमी होते. साखळ्या एकत्र आल्या म्हणजे हा जाच कमी होतो, आणि तेलाचा थेंब बनतो.

एकाच रेणूत दोन्ही प्रकारचे भाग असले तर काय होते, हे अल्कोहोलांवरून चांगले कळते. मेथिल, एथिल व प्रोपिल अल्कोहोल पाण्यात वाटेल त्या प्रमाणात मिसळतात. चार कार्बनच्या सरळ साखळीचे ब्यूटिल अल्कोहोल 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 8 ग्रॅम विरघळते. पाच कार्बनचे 2 ग्रॅमच्या आसपास, सहा कार्बनचे तर 1 ग्रॅमही नाही. हायड्रॉक्सिल गट तोच. शेपूट तेवढे वाढले.

तथापि केवळ गट मोजून भागत नाही. सल्फानिलामाइड या औषधाच्या रेणूवर पाण्याशी बंध जोडणारे दोन गट आहेत. तरीही 100 ग्रॅम पाण्यात ते 1 ग्रॅमदेखील विरघळत नाही. त्याचे रेणू स्फटिकात एकमेकांस घट्ट धरून असतात, आणि पाण्याला ती पकड सोडविता येत नाही.

या गुणधर्मामुळे 1937 साली अमेरिकेत अनर्थ घडला. जंतुसंसर्गावर गुणकारी असलेले हे औषध लहान मुलांना देण्यासाठी पातळ स्वरूपात हवे होते. एका कारखान्याने त्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल हा द्रव निवडला. त्याच्या रेणूत कार्बनचे चार अणू, दोन टोकांस हायड्रॉक्सिल गट व मध्ये एक ऑक्सिजन असतो. त्यामुळे तो औषधालाही विरघळवितो आणि पाण्यातही मिसळतो. विद्रावक म्हणून निवड अचूक होती. रंग, वास व चव तपासण्यात आली. विषारीपणा मात्र कोणी तपासला नाही. हा द्रव मूत्रपिंडे निकामी करतो. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती. विकण्यापूर्वी औषध निर्धोक असल्याचे दाखविण्याची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. ‘एलिक्झिर’ या नावाच्या औषधात अल्कोहोल असावयास हवे, ते यात नाही, एवढ्याच आधारावर सरकारला माल जप्त करता आला! नवा कायदा 1938 साली झाला.

पुढे 1986 साली मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये हाच द्रव मिसळलेला निघाला, आणि 14 रुग्ण मरण पावले. ग्लिसरिनच्या रेणूत तीन कार्बन व तीन हायड्रॉक्सिल गट असतात. दोन्ही द्रव रंगहीन, दाट व गोड. पाण्यात टाकून पाहावे तर दोन्ही वाटेल त्या प्रमाणात मिसळतात. प्रयोगशाळेतील परीक्षणावाचून त्यांतील भेद उघड होत नाही.