मीटर म्हणतो बारा, बल्ब म्हणतो नाही



विद्युतचुंबक शिकवताना मी खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलून दाखवते. "बाई, याचा उपयोग काय?" हा प्रश्न ठरलेलाच. माझं उत्तर विजेच्या घंटीपाशी संपायचं. मग आमची गाडी बंद पडली.

चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद येणारा घूं आवाज आलाच नाही. फ्यूज शाबूत होता. मेकॅनिकदादांनी रिले उपसला. आत आपलाच विद्युतचुंबक! ८५ आणि ८६ या पिनांतून थोडासा प्रवाह गेला की चुंबक पत्री ओढतो आणि ३० नंबरवर आलेली बॅटरीची वीज ८७ मधून पंपाकडे जाते.

रिलेच्या रिकाम्या खाचेत ३० नंबरला मीटर लावला. १२ व्होल्ट! मी म्हटलं, वीज येतेय, म्हणजे रिलेच गेला. दादांनी तिथेच बल्बचा टेस्टर लावला, दुसरं टोक गाडीच्या बॉडीला. बल्ब नुसता मिणमिणला. मागचा जोड गंजलेला होता. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून गंजातूनही १२ दाखवतो. बल्बला प्रवाह लागतो, तेव्हा व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात. (८५-८६ ला मात्र बल्ब नको, त्यातली एक तार बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटरकडे जाते. तिथे मीटरच.)

वर्गात हेच वापरून संपलेल्या सेलवर करून पाहिलं. मीटरवर एक व्होल्टच्या वर आकडा, बल्ब काही लागेना. मुलं मीटरच बिघडला म्हणून भांडत होती.

गाडीवर करून पाहणार असाल तर आधी वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर टेस्टर लावूच नका, ठिणगी पडू शकते.