भ्रूण ठेवण्याआधी नळ्या पाहा

"आयव्हीएफला बीजवाहक नळ्या लागतच नाहीत, तेव्हा त्यांची काळजी सोडा," असं आम्हाला एका खासगी केंद्रात सांगितलं होतं. यातलं पहिलं खरं आहे. बीज थेट अंडाशयातून काढतात, फलन बाहेर होतं आणि भ्रूण गर्भपिशवीत ठेवतात. हा उपचार मुळात नळ्या निकामी झालेल्या बायांसाठीच पुढे आला. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या 'दुर्गा'च्या आईचीही तीच अडचण होती.

पण काळजी सोडा, हे खरं नाही. नुसती बंद नळी आणि पाणी भरून फुगलेली नळी यांत फार फरक आहे. जंतुसंसर्गानं नळीचं अंडाशयाकडचं तोंड चिकटलं की आतला स्राव साठत जातो. याला डॉक्टर हायड्रोसॅल्पिंक्स म्हणतात. ते पाणी दुसऱ्या टोकानं पिशवीत झिरपतं. भ्रूणाला ते मानवत नाही, पिशवीचं अस्तर ते बिघडवतं, कधी रुजण्याआधीच भ्रूण धुऊन नेतं. सोनोग्राफीत दिसण्याइतकी नळी फुगलेली असेल तर आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं, आणि आधी ती काढली किंवा मुळाशी बंद केली तर यशाची शक्यता पुन्हा वाढते. १९९०च्या दशकापासून हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे, आणि तरीही मला ते कोणी सांगितलं नाही याचा राग आजही जात नाही.

माझ्या सोनोग्राफीच्या कागदावर उजव्या नळीत पाणी असल्याची ओळ होती. तिच्याबद्दल एक शब्द न बोलता भ्रूण ठेवले गेले. कापूस विकून आलेले पैसे गेले, भ्रूणही गेले. सासूबाई विचारायच्या, "सारं बराबर हाय म्हणते डॉक्टर, मंग राह्यत काऊन नाई?" त्यांचा प्रश्न योग्य होता. उत्तर त्या कागदावरच होतं. मधूनच अंगावरून पाण्यासारखं जायचं, तेही याच आजाराचं असू शकतं, हे मला अकोल्यात एका ज्येष्ठ डॉक्टर बाईंनी सांगितलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी नळ्यांच्या फोटोची फिल्म मागितली. मग दुर्बिणीनं उजवी नळी काढली. डावी आतड्याला इतकी चिकटली होती, की ती न काढता पिशवीजवळ क्लिप लावून बंद केली. पुढे गोठवलेला भ्रूण रुजला. आमची मुलगी आता अंगणवाडीत जाते. प्रत्येकीला असंच होईल असं मी म्हणणार नाही. वय आणि बीजांची प्रत यांचा वाटा मोठाच असतो, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी तर सगळ्यात आधी व्हायला हवी. ती सोपी आणि स्वस्त असूनही आपल्याकडे शेवटी होते.

नळ्यांचा फोटो, म्हणजे एचएसजी, पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत काढतात. पिशवीत औषध सोडून एक्स-रे घेतात. थोडा वेळ कळ येते. पण नळी पिशवीजवळ बंद दिसली म्हणून घाबरू नका. स्नायू आखडल्यामुळेही तसं दिसतं, खात्री दुर्बिणीनं होते. आमच्या जळगाव जामोदहून खामगाव, अकोला करताना डॉक्टर बदलत जातात. म्हणून नुसता रिपोर्ट नको, फिल्मही मागून घ्या आणि दर वेळी सोबत न्या.

नळी काढायची म्हटलं की जीव घाबरतो. आपलंच काहीतरी कायमचं जातं असं वाटतं. मलाही वाटलं. पण आतून खराब झालेली नळी गर्भ धरायला मदत करत नाही, उलट आड येते. एकाच बाजूची खराब असेल आणि दुसरी चांगली असेल, तर खराब नळी काढल्यावर आयव्हीएफशिवायही दिवस राहू शकतात. बिघाड थोडा असेल आणि वय कमी असेल तर नळी उघडण्याचाही विचार होतो. सुईनं पाणी काढलं तर ते बहुधा पुन्हा भरतं, आणि गोळ्यांनी फुगलेली नळी पूर्ववत होत नाही. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: नळी काढताना अंडाशयाचा रक्तपुरवठा कसा जपणार? बीजं कमी असतील तर आधी बीज काढून भ्रूण गोठवायचे, मग ऑपरेशन आणि नंतर भ्रूण ठेवायचा, असाही क्रम ठेवता येतो.

क्षयाचा विचार आपल्या भागात टाळून चालणार नाही. जननेंद्रियांचा क्षय बहुतेक वेळा आधी नळ्यांनाच धरतो. अनेकदा खोकला नसतो, ताप नसतो, फक्त मूल राहत नाही. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासतात. मात्र एकट्या पीसीआर रिपोर्टवर औषधं सुरू करू नयेत, बाकीच्या तपासण्यांशी आणि दुर्बिणीत दिसतं त्याच्याशी तो पडताळायला हवा. क्षय ठरला तर सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. साधारण सहा महिन्यांचा कोर्स पुरा करा, भ्रूण त्यानंतरच. औषधांनी क्षय बरा होतो, पण बिघडलेली नळी बहुधा सुधारत नाही. बायांनो, हा आजार लपवू नका. तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही.

आणि दिवस राहिल्यावरही सावध राहा. नळ्या खराब असलेल्या बाईला आयव्हीएफनंतरसुद्धा गर्भ नळीत राहण्याचा धोका असतो. म्हणून लवकर सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करून घ्या. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, रक्त गेलं, चक्कर आली किंवा खांद्यात कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.