वसतिगृहांतील संगणक : जोडणी आणि राखण

दरवर्षीं बारावीचा निकाल लागला, कीं मेहकर व आसपासच्या खेड्यांतून कितीतरी मुलें-मुली अमरावती, नागपूर, पुणें, मुंबई अशा शहरांत पुढील शिक्षणासाठीं जातात. पूर्वीं अशा विद्यार्थ्याबरोबर लोखंडी पेटी, वळकटी आणि चिवड्याचा डबा जात असे. आज या सामानांत लॅपटॉपच्या पिशवीची भर पडली आहे, आणि बहुधा सर्व सामानांत तीच अधिक मोलाची असते. गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. राखून ठेवलेलें सोयाबीन विकून त्यांनीं मुलासाठीं लॅपटॉप घेतला होता. ते म्हणाले, "सर, पेटीले कुलूप लावता येते. याले कुठं लावाचं?" प्रश्न साधा होता, परंतु दोन वाक्यांत उत्तर देणें मला जमलें नाहीं. तेंच उत्तर विद्यार्थी व पालक या दोघांसाठीं येथें विस्तारानें देत आहें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. घरचा संगणक आणि वसतिगृहांतील संगणक यांच्या परिस्थितींत मोठें अंतर आहे. घरीं इंटरनेटच्या एका जोडणीवर घरचीं चार माणसें असतात. वसतिगृहांत एकाच जाळ्यावर शेंकडों यंत्रें असतात, आणि त्यांतील बहुतेकांचे मालक आपल्या ओळखीचेहि नसतात. घरची विहीर आणि गांवचा पाणवठा यांत जो भेद, तोच हा. पैनगंगेच्या घाटावर वरच्या अंगास कोणी पाणी गढूळ केलें, तर खालच्या अंगास घागर भरणार्‍याला तें भोगावें लागतें. वसतिगृहाच्या जाळ्याचेंहि असेंच आहे. म्हणून आपलें यंत्र निरोगी ठेवणें हा केवळ स्वतःचा लाभ नव्हे, तर शेजारधर्महि आहे.

ही भीति काल्पनिक नाहीं. ता. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें एका यंत्रांतून दुसर्‍यांत आपोआप जाणारा एक प्रोग्राम जाळ्यावर सोडला. नुकसान करण्याचा आपला हेतु नव्हता, असें त्याचें म्हणणें होतें. तथापि त्या काळच्या लहानशा जाळ्यावरील सुमारें ६,००० संगणक त्यानें जखडून गेले, असा अंदाज करण्यांत आला. यांत विद्यापीठें व संशोधनसंस्था पुष्कळ होत्या. मॉरिसवर खटला होऊन १९९० सालीं तो दोषी ठरला, आणि त्यास दंड व समाजसेवेची शिक्षा झाली. हेतु वाईट नसला, तरी सामायिक जाळ्यावर एकाच्या कृत्याचें फळ सर्वांना मिळतें, हा त्यांतील पहिला धडा होय.

दुसरा धडा २००३ सालचा आहे. विंडोज प्रणालींतील एक उणीव ध्यानांत येतांच तिच्या कर्त्या कंपनीनें १६ जुलै रोजीं दुरुस्ती प्रसिद्ध केली. ११ ऑगस्ट रोजीं त्याच उणिवेंतून शिरणारा 'ब्लास्टर' नांवाचा प्रोग्राम पसरूं लागला. त्यासाठीं कोणतें पत्र उघडावें लागत नव्हतें. दुरुस्त न केलेलें व उघडें असलेलें यंत्र जाळ्यास जोडलें, एवढेंच पुरे होतें. नेमके ते दिवस अमेरिकेंत विद्यार्थी सुटीहून वसतिगृहांत परतण्याचे होते. सुटीभर बंद असलेलीं यंत्रें भराभर जोडलीं गेलीं आणि रोग फैलावला. पुढें १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय'नें दीडशेंच्या आसपास देशांतील संगणकांवरील लेखन कुलुपबंद करून खंडणी मागितली. त्याहि वेळीं दुरुस्ती १४ मार्चलाच निघालेली होती. दोन्ही प्रसंगीं औषध आधीं तयार होतें. तें घेण्याची दिरंगाई मात्र भोंवली.

यावरून आपल्या लेखाचें मुख्य सूत्र निघतें : आधीं राखण, मग जोडणी. पुष्कळ विद्यार्थी वसतिगृहांत पोंचतांच प्रथम तार जोडतात आणि बंदोबस्त रविवारवर टाकतात. हा क्रम उलटा करावा. घरून निघण्यापूर्वीं, घरच्याच जोडणीवर, पुढील गोष्टी उरकाव्या.

(१) प्रणालीच्या सर्व दुरुस्त्या, ज्यांस 'अपडेट' म्हणतात, त्या घ्याव्या व पुढें त्या आपोआप येतील अशी योजना ठेवावी. जुना लॅपटॉप विकत घेणार्‍यांनीं येथें विशेष सावध असावें. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. सबब स्वस्तांत मिळणारें यंत्र नवी प्रणाली पेलूं शकतें कीं नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वींच विचारावें.

(२) व्हायरस ओळखणारा एक प्रोग्राम चालूं असावा. विंडोजमध्यें तो मुळांतच असतो. तो बंद पडलेला नाहीं एवढें पाहावें. निराळा घ्यावयाचा असल्यास एकच घ्यावा. दोन पहारेकरी एकमेकांनाच अडवितात. येथें सांगण्याजोगी गोष्ट अशी, कीं 'क्विक हील' हा या जातीचा प्रसिद्ध प्रोग्राम मराठी माणसांनीं पुण्यांत निर्माण केला. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनीं कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून आरंभ केला, आणि त्यांचे बंधु संजय यांनीं संगणकाचें शिक्षण घेत असतां हा प्रोग्राम लिहिला. शिकत असलेला विद्यार्थी जाळें बिघडवूंहि शकतो आणि राखूंहि शकतो, हें मॉरिस व काटकर यांच्या उदाहरणांवरून दिसून येईल.

(३) चोरीचे, म्हणजे 'क्रॅक' केलेले प्रोग्राम यंत्रांत घालूं नयेत. ज्यानें कुलूप फोडून वस्तु दिली, त्यानें तींत आणखी काय ठेवलें आहे, याची हमी कोण देणार? लेखन, गणित, चित्रकला इत्यादि कामांसाठीं विनामूल्य व कायदेशीर प्रोग्राम आज पुष्कळ आहेत.

(४) 'फायरवॉल', म्हणजे बाहेरून येणार्‍या अनाहूत विनंत्या अडविणारी भिंत, चालूं आहे अशी खात्री करावी.

(५) यंत्र उघडण्यास पासवर्ड लावावा व तबकडीवरील मजकूर सांकेतिक करण्याची सोय असल्यास ती वापरावी. लॅपटॉप चोरीस गेला, तरी आंतील कागदपत्रें चोरास वाचतां येत नाहींत. मात्र या सोयीची जी आपत्कालीन किल्ली मिळते, ती कागदावर लिहून घरीं आईजवळ ठेवावी. ती हरवली, तर प्रसंगीं धन्यासच दार बंद होतें.

आतां जोडणीकडे वळूं. वसतिगृहांत ती दोन प्रकारची असते : तारेची व बिनतारी. तारेच्या जोडणींत भिंतींतील खोबणीपासून यंत्रापर्यंत एक केबल लावावी लागते. तींत आठ बारीक तारा असतात व दोन टोकांमधील मर्यादा सामान्यतः १०० मीटर धरतात. पुष्कळ नव्या लॅपटॉपांना ही खोबण नसते. त्यांस लहानसा जोडतुकडा घ्यावा लागतो. कित्येक संस्था प्रत्येक यंत्राची नोंद करून घेतात. यंत्राच्या जोडणीच्या भागास कारखान्यांतच एक क्रमांक दिलेला असतो. त्यास 'मॅक ॲड्रेस' म्हणतात. तो बारा अंकाक्षरांचा असतो. मोटारीच्या नोंदणीक्रमांकासारखा हा समजावा. आजकालचे फोन व कांहीं लॅपटॉप बिनतारी जाळ्यावर हा क्रमांक मुद्दाम बदलून सांगतात. नोंद करूनहि जोडणी मिळत नसेल, तर बहुधा याच कारणाचा शोध घ्यावा लागतो.

बिनतारी जाळ्यांत संस्था प्रत्येकास निराळें नांव व पासवर्ड देते. युरोपांत सुरू झालेली 'एड्युरोम' ही योजना आतां भारतांतहि आहे. तिच्यांत सामील असलेल्या संस्थेचा विद्यार्थी दुसर्‍या सामील संस्थेंत गेला, तरी स्वतःच्याच नांवानें त्यास जोडणी मिळते. अशा जोडणीच्या वेळीं पडद्यावर एक प्रश्न येतो : 'या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावयाचा काय?' तेथें डोळे मिटून 'होय' म्हणूं नये. संगणक-केंद्राच्या सूचनापत्रांत जें नांव दिलें असेल, तेंच पडद्यावर आहे कीं काय, हें ताडून पाहावें. शेजारच्या खोलींत बसून कोणीहि वसतिगृहाच्या जाळ्याचेंच नांव देऊन खोटें जाळें उभें करूं शकतो. पुढें यंत्र विचारतें, हें जाळें खासगी कीं सार्वजनिक? वसतिगृहांत उत्तर 'सार्वजनिक' असेंच द्यावें. त्यामुळें आपलें यंत्र इतरांपासून बरेंचसें झांकलेलें राहातें.

एक चूक हुशार मुलांकडून वारंवार होते. खोलींतील चौघांना सोयीचें पडावें म्हणून ते घरचा राउटर आणून भिंतीच्या खोबणींत जोडतात. जाळ्यावर येणार्‍या प्रत्येक यंत्रास पत्ता वांटून देण्याचें काम संस्थेचें एक यंत्र करीत असतें. परीक्षेच्या दालनांत बैठकक्रमांक देणारा एकच असावा. दुसर्‍या कोणीं आपले क्रमांक वांटावयास आरंभ केला, तर गोंधळ उडेल. चुकीच्या खोबणींत जोडलेला राउटर असेच दुसरे पत्ते वांटूं लागतो आणि सबंध मजल्याचें इंटरनेट बंद पडतें. म्हणून परवानगीवांचून असें यंत्र जोडूं नये.

जोडणी झाल्यावर राखण संपली, असें नाहीं. आतां पासवर्डाचा विचार करूं. तो लांब असावा. परस्परांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द एकत्र केले, तर तो स्मरणांतहि राहातो. प्रत्येक ठिकाणीं तो निराळा असावा, आणि ई-मेल व बँक येथें फोनवरील दुसरी खूण मागणारी सोय चालूं ठेवावी. आपला पासवर्ड जिवलग मित्रासहि देऊं नये. वरकरणीं हें कठोर वाटेल; परंतु जाळ्यावरील नोंदवहींत नांव तुमचें लागतें, मित्राचें नव्हे. उलट, दुसर्‍याचा पासवर्ड लबाडीनें वापरणें हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ६६-क या कलमाखालीं गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. 'तुमचें खातें आज बंद होईल, त्वरित पासवर्ड कळवा' असें पत्र आलें, तर तें संगणक-केंद्राचें नाहीं असेंच समजावें. शंका वाटल्यास स्वतः केंद्रांत जाऊन विचारावें.

सर्वांत शेवटीं, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत. आपल्या शाळेची एक विद्यार्थिनी एका शहरांतील वसतिगृहांत शेवटच्या वर्षाला होती. छपाईच्या दुकानांतून आलेली पेन-ड्राइव्ह तिनें लॅपटॉपास लावली. दुसर्‍या दिवशीं तिचें सर्व लेखन कुलुपबंद झालें आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. वर्षभराच्या प्रकल्पाचा निबंध त्यांत होता. तिनें पैसे दिले नाहींत, आणि तें योग्यच केलें. कारण पैसे घेऊन चोर किल्ली देईलच, असा भरंवसा नसतो. दिवाळींत घरीं आली असतां तिनें कौतुकानें धाकट्या भावाच्या संगणकावर तो निबंध ठेविला होता. तीच अर्धवट प्रत हातीं लागली, आणि उरलेलें काम तिनें रात्री जागून पुनः लिहून काढिलें. वर्ष वांचलें, पण ती स्वतःच म्हणाली, "सर, मी वाचले ते शहाणपणाने नाही, नशिबाने." तुमचें वर्ष नशिबावर सोडूं नका. महत्त्वाच्या कामाच्या मुळाखेरीज दोन प्रती ठेवाव्या; एक निराळ्या तबकडीवर, जी काम झाल्यावर यंत्रापासून काढून ठेवावी, आणि दुसरी खोलीबाहेर, दूरच्या सर्व्हरवर अथवा घरीं. आठवड्यांतून एक वार त्यासाठीं नेमावा.

पालकांस एक विनंति आहे. आपणांस संगणक येत नसला, तरी तीन प्रश्न आपण विचारूं शकतां : दुरुस्त्या घेतल्यास का? प्रत काढलीस का? पासवर्ड कोणास दिलास का? आणि कांहीं अपघात झालाच, तर प्रथम रागावूं नका. रागाच्या भीतीनें मूल गोष्ट लपवितें, आणि तेवढ्यांत चोरास वेळ मिळतो. बँकेंतून पैसे गेले असतील, तर तत्काळ बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. पहिल्या कांहीं तासांत कळविलें, तर रक्कम वाटेंतच अडविली जाण्याचा संभव अधिक असतो. यंत्रास रोग झाल्याची शंका आली, तर प्रथम केबल काढावी, बिनतारी जोडणी बंद करावी, आणि मग संगणक-केंद्रास सांगावें. असें केल्यानें शेजार्‍यांचीं यंत्रेंहि वांचतात.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे पुनः येतों. पेटीचें कुलूप एकदां विकत घेतलें, कीं पुरतें. संगणकाचें कुलूप बाजारांत मिळत नाहीं. वेळच्यावेळीं दुरुस्ती, स्वतःपुरता पासवर्ड, ओळख पटवून केलेली जोडणी आणि आठवड्याची प्रत, या चार संवयी म्हणजेच तें कुलूप. विद्यार्थी मित्रांनो, त्याची किल्ली तुमच्याच हातीं आहे, आणि ज्या सोयाबीनवर तुमचें यंत्र आलें, त्याची आठवण ठेवाल, तर ती हरवणार नाहीं.